सेंटओएस लिनक्स ७ ची देखभाल-समाप्ती

सेंटओएस लिनक्स ७ ही मुख्यतः सर्व्हरवर वापरली जाणारी मुक्तस्रोत संचालन प्रणाली ७ जुलै २०१४ रोजी प्रसिद्ध झाली आणि ३० जून २०२४ रोजी तिची देखभाल अधिकृतपणे संपली. त्या दिवसानंतर सेंटओएस प्रकल्पाने या आवृत्तीसाठी सुरक्षा दुरुस्त्या देणे बंद केले व तिची सर्व पॅकेजेस जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात हलवली. समाप्तीची तारीख अचानक जाहीर झालेली नव्हती; ती अनेक वर्षांपासून सर्वज्ञात होती. तरीही या घटनेला जुन्या आवृत्तीच्या नेहमीच्या निवृत्तीपेक्षा अधिक महत्त्व प्राप्त झाले. सेंटओएस ८ ही पुढची आवृत्ती त्याआधीच, ३१ डिसेंबर २०२१ रोजी, मुदतीच्या कितीतरी आधी बंद करण्यात आली होती आणि नववी आवृत्ती त्या स्वरूपात कधी निघालीच नाही. परिणामी सेंटओएस ७ बरोबर २००४ पासून चालत आलेली सेंटओएस लिनक्स ही संपूर्ण मालिका संपुष्टात आली.

== पार्श्वभूमी ==

अमेरिकेतील रेड हॅट ही कंपनी 'रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स' (यापुढे आरएचईएल) ही प्रणाली वार्षिक वर्गणी घेऊन संस्थांना पुरवते. लिनक्स कर्नल आणि त्यासोबतची बहुतेक साधने मुक्त परवान्यांखाली असल्याने त्यांचा स्रोत संकेत उपलब्ध करून देण्याचे बंधन कंपनीवर असते. हा स्रोत घ्यावा, त्यातील कंपनीची नाममुद्रा व बोधचिन्हे काढून टाकावीत, सर्व पॅकेजेस पुन्हा बांधावीत आणि परिणामी तयार झालेली प्रणाली विनामूल्य वाटावी, हा सेंटओएसचा मूळ विचार होता. 'सेंटओएस' हे नाव 'कम्युनिटी एंटरप्राइज ऑपरेटिंग सिस्टीम' या शब्दांवरून बनले आहे. २००३-०४ च्या सुमारास रेड हॅटने आपले जुने सर्वसाधारण लिनक्स वितरण बंद करून सर्व लक्ष व्यावसायिक आवृत्तीकडे वळवले, तेव्हा ज्यांना वर्गणी परवडत नव्हती वा नको होती अशा वापरकर्त्यांसाठी असे अनेक प्रयत्न सुरू झाले. ग्रेगरी कर्टझर यांच्या पुढाकाराने चाललेल्या 'काओस' प्रकल्पातून पुढे आलेले सेंटओएस हे त्यांतील सर्वांत यशस्वी ठरले.

नाममुद्रेच्या बाबतीत प्रकल्प सुरुवातीला इतका सावध होता, की आपल्या मूळ स्रोताचा उल्लेख तो नावाने न करता 'उत्तर अमेरिकेतील एक प्रमुख एंटरप्राइज लिनक्स विक्रेता' असा करत असे. ज्या कंपनीचे नाव घेणेही टाळले जाई, तिच्याच छत्राखाली प्रकल्प पुढे दहा वर्षांनी गेला.

त्यापूर्वीची काही वर्षे प्रकल्पासाठी कठीण होती. २००९ मध्ये प्रकल्पाचे संकेतस्थळ व देणग्या ज्यांच्या ताब्यात होत्या त्या संस्थापक सदस्याशी संपर्कच होत नसल्याने इतर विकसकांना जाहीर पत्र लिहावे लागले. काही दिवसांत तो प्रश्न सुटला. आरएचईएल ६ नोव्हेंबर २०१० मध्ये आली, पण मोजक्या स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या प्रकल्पाला सेंटओएस ६ काढण्यास १० जुलै २०११ उजाडले. आठ महिन्यांच्या या विलंबामुळे अनेक संस्थांनी पर्यायांचा शोध घेतला. जानेवारी २०१४ मध्ये रेड हॅटने सेंटओएसला अधिकृत पाठबळ जाहीर केले, प्रमुख विकसकांना नोकरीत घेतले आणि प्रकल्पासाठी नियामक मंडळ नेमले. सेंटओएसची नाममुद्राही कंपनीकडे गेली. त्या वेळी समुदायात या घडामोडीचे बहुतांशी स्वागतच झाले. विलंबाचा प्रश्न खरोखरच सुटला: आरएचईएल ७ जून २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर महिन्याभराच्या आत सेंटओएस ७ तयार होती.

== सातवी आवृत्ती ==

सेंटओएस ७ मध्ये ३.१० क्रमांकाचे लिनक्स कर्नल होते. सेवांच्या व्यवस्थापनासाठी सिस्टमडी आणि फाइल प्रणाली म्हणून एक्सएफएस हे दोन्ही बदल याच आवृत्तीपासून मूलभूत निवड म्हणून आले. पायथन २.७.५, पीएचपी ५.४, मारियाडीबी ५.५, अपाची २.४.६ आणि जीसीसी ४.८ ही तिच्यासोबत येणारी प्रमुख साधने होती. उप-आवृत्तीच्या क्रमांकाला मूळ स्रोताच्या वर्ष-महिन्याची जोड देण्याची पद्धत याच वेळी सुरू झाली. पहिली उप-आवृत्ती ७.०-१४०६ होती, तर शेवटची ७.९-२००९ नोव्हेंबर २०२० मध्ये आली. त्यानंतर नवी वैशिष्ट्ये येणे थांबले आणि केवळ महत्त्वाच्या दुरुस्त्या देण्याचा अखेरचा टप्पा सुरू झाला.

वापराच्या दृष्टीने ही आवृत्ती मालिकेतील सर्वांत खोलवर रुजलेली म्हणता येईल. संकेतस्थळे पुरवणाऱ्या होस्टिंग कंपन्या, विद्यापीठांचे संगणक-समूह, दूरसंचार उपकरणे, खासगी कार्यालयांतील डेटाबेस अशा ठिकाणी ती वर्षानुवर्षे चालत राहिली. युरोपातील सर्न या कणभौतिकी संशोधन केंद्राने तिच्यावर आधारित 'सर्न सेंटओएस ७' हे स्वतःचे रूप वापरले. अमेरिकेतील फर्मीलॅबची 'सायंटिफिक लिनक्स ७' हीदेखील आरएचईएलच्याच स्रोतातून पुनर्बांधणी केलेली प्रणाली होती आणि तिची समाप्तीही ३० जून २०२४ रोजीच झाली. ज्या दिवशी या प्रणाली संपल्या, त्या वेळी सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरची तिसरी कार्यफेरी सुरू होती.

== देखभालीचे स्वरूप ==

देखभाल संपणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी ती चालू असताना काय घडत होते हे पाहावे लागते. सेंटओएस ७ मधील कर्नलचा क्रमांक २०१४ मध्ये ३.१० होता आणि २०२४ मध्येही ३.१० च राहिला. मूळ लिनक्स प्रकल्पात दरम्यान अनेक पिढ्या उलटल्या होत्या. पण क्रमांक तोच असला तरी आतील संकेत तोच नव्हता. नव्या आवृत्तीत एखादा सुरक्षादोष दुरुस्त झाला, की रेड हॅटचे अभियंते तेवढीच दुरुस्ती वेगळी काढून जुन्या संकेतात बसवत. तिचा स्रोत प्रसिद्ध होई, सेंटओएस तो पुन्हा बांधे आणि वापरकर्त्याला केवळ पॅकेजच्या क्रमांकाच्या शेपटातील आकडा वाढलेला दिसे. ३.१०.०-११६० यातील शेवटचा आकडा हा अशा साचत गेलेल्या कामाचा निदर्शक आहे.

या पद्धतीचा लाभ असा, की प्रणालीवर चालणाऱ्या अनुप्रयोगाला पायाखालची जमीन हलल्याचे कळत नाही. २०१५ मध्ये लिहिलेली हिशेबाची वा रुग्णनोंदींची प्रणाली २०२३ मध्येही न बदलता चालू शकते. दुसरी बाजू अशी, की ही स्थिरता आपोआप येत नाही. कोणीतरी सतत, पगार घेऊन, हे किचकट काम करत असते. सेंटओएसचा वापरकर्ता त्यासाठी काहीही मोजत नसे, आणि स्वतः सेंटओएस प्रकल्पही दुरुस्त्या लिहीत नसे. तो फक्त बांधणी करे. दुरुस्त्यांचा उगम रेड हॅटकडे होता. सेंटओएसच्या इतिहासातील जवळजवळ प्रत्येक वादाचे मूळ या व्यवस्थेत सापडते.

एक व्यावहारिक गुंतागुंतही येथे नोंदवण्याजोगी आहे. सुरक्षा तपासणीची काही साधने केवळ आवृत्तीचा क्रमांक वाचून निष्कर्ष काढतात. अशा साधनांना सेंटओएस ७ मधील अपाची २.४.६ नेहमीच धोकादायक वाटे, प्रत्यक्षात दुरुस्त्या आत बसवलेल्या असत तरीही. त्यामुळे अनेक संगणक विभागांना वर्षानुवर्षे 'हा इशारा खोटा आहे' असे खुलासे लिहून द्यावे लागले. ३० जून २०२४ नंतर मात्र अशा इशाऱ्यांपैकी कोणते खोटे आणि कोणते खरे, हे क्रमांकावरून ठरवणे अशक्य झाले, आणि जुन्या खुलाशाची सवय लागलेल्यांसाठी हा बदल धोक्याचा ठरला.

== डिसेंबर २०२० चा निर्णय ==

जुलै २०१९ मध्ये आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलरना रेड हॅट विकत घेतली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सेंटओएस ८ प्रसिद्ध झाली आणि त्याच दिवशी 'सेंटओएस स्ट्रीम' नावाचे वेगळे वितरणही जाहीर करण्यात आले. दोहोंतील फरक दिशेचा आहे. सेंटओएस लिनक्स आरएचईएलच्या मागून येत असे; स्ट्रीम आरएचईएलच्या पुढच्या उप-आवृत्तीच्या किंचित पुढे चालते. आरएचईएलमध्ये जे उद्या येणार ते स्ट्रीममध्ये आज दिसते.

८ डिसेंबर २०२० रोजी प्रकल्पाने जाहीर केले, की यापुढे सर्व लक्ष स्ट्रीमवर केंद्रित केले जाईल आणि सेंटओएस लिनक्स ८ ची देखभाल ३१ डिसेंबर २०२१ रोजी थांबेल. आधी जाहीर झालेली मुदत ३१ मे २०२९ ही होती. म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ एका घोषणेने कापला गेला. वेळही अशी होती, की सेंटओएस ६ ची मुदत जेमतेम आठवड्यापूर्वी, ३० नोव्हेंबरला, संपली होती. सहावरून थेट आठवर जाण्याचे कष्ट नुकतेच उपसलेल्या संस्थांना वर्षभरात पुन्हा हलावे लागणार होते.

सेंटओएस ७ ची तारीख मात्र तशीच ठेवण्यात आली. यातून निर्माण झालेली स्थिती संगणकाच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल: नवी आवृत्ती आधी बंद पडणार होती आणि जुनी तिच्यानंतर अडीच वर्षे जगणार होती. आठवर गेलेले अडचणीत आले, तर सातवरच थांबलेले, निदान तात्पुरते तरी, सुरक्षित राहिले. आळस वा अंदाजपत्रकाअभावी स्थलांतर पुढे ढकलणाऱ्यांना या निर्णयाने एक प्रकारे बरोबर ठरवले. २०२१ ते २०२४ या काळात अनेक संस्था सातवर ठाण मांडून राहिल्या, त्यामागे हे एक कारण होते.

रेड हॅटची भूमिका अशी होती, की सेंटओएस लिनक्समध्ये समुदायाला प्रत्यक्ष योगदान देण्यास जागाच नव्हती. मूळ प्रणालीशी, तिच्यातील दोषांसह, तंतोतंत जुळणे हेच ध्येय असल्याने कोणी दुरुस्ती सुचवली तरी ती स्वीकारता येत नसे. स्ट्रीममध्ये ती स्वीकारता येते. हा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या खोटा नाही. मेटासारख्या प्रचंड सर्व्हर असलेल्या कंपनीने स्ट्रीमचा अवलंब केलाही. परंतु बहुसंख्य वापरकर्त्यांना योगदानाची संधी नको होती. त्यांना दहा वर्षे न हलणारी विनामूल्य प्रणाली हवी होती, आणि तसे आश्वासन त्यांना दिलेले होते. टीकेचा रोख स्ट्रीमच्या गुणवत्तेपेक्षा मुदत मागे घेण्यावर अधिक होता. मुक्तस्रोत परवाना संकेत वापरण्याचा हक्क देतो, देखभालीचा नाही, आणि समाप्तीची जाहीर तारीख हा करार नसतो. हे भेद नियमावलीत पूर्वीही होते, पण अनेकांच्या प्रथमच लक्षात आले ते या प्रसंगी.

जानेवारी २०२१ मध्ये रेड हॅटने वैयक्तिक विकसक वर्गणीखाली १६ संगणकांपर्यंत आरएचईएल विनामूल्य वापरण्याची मुभा जाहीर केली. लहान वापरकर्त्यांसाठी ती पुरेशी होती. शेकडो सर्व्हर असलेल्या होस्टिंग कंपन्यांसाठी किंवा विद्यापीठांसाठी नव्हती.

== उत्तराधिकारी प्रणाली ==

घोषणेनंतर काही तासांतच कर्टझर यांनी सेंटओएसची मूळ कल्पना नव्याने उभी करण्याचा मानस जाहीर केला. प्रकल्पाला 'रॉकी लिनक्स' हे नाव सेंटओएसचे दिवंगत सहसंस्थापक रॉकी मॅकगॉ यांच्या स्मरणार्थ देण्यात आले. तिची पहिली स्थिर आवृत्ती जून २०२१ मध्ये आली. त्याआधीच, ३० मार्च २०२१ रोजी, क्लाउडलिनक्स या कंपनीच्या पुढाकाराने 'अल्मालिनक्स' प्रसिद्ध झाली होती. तिचा कारभार पुढे स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे सोपवण्यात आला. ओरॅकल लिनक्स तर २००६ पासूनच याच पद्धतीने बांधली जात होती. डिसेंबर २०२२ मध्ये सर्न व फर्मीलॅब यांनी संयुक्त निवेदनाद्वारे आपल्या प्रयोगांसाठी अल्मालिनक्सची शिफारस केली.

सातवरून कोठे जायचे हा प्रश्न त्यामुळे सुटल्यासारखा वाटत असतानाच २१ जून २०२३ रोजी रेड हॅटने आरएचईएलचा सार्वजनिक स्रोत यापुढे केवळ सेंटओएस स्ट्रीमच्या रूपात मिळेल असे जाहीर केले. आरएचईएलच्या प्रत्येक पॅकेजचा नेमका स्रोत ग्राहकांपुरता मर्यादित झाला. अल्मालिनक्सने तंतोतंत प्रतिकृतीचे ध्येय सोडले आणि 'आरएचईएलवर चालणारा अनुप्रयोग आमच्यावरही चालेल' एवढ्या सुसंगततेवर समाधान मानले. रॉकी लिनक्सने प्रतिकृतीचे ध्येय कायम ठेवले. ऑगस्ट २०२३ मध्ये ओरॅकल, सुसे आणि सीआयक्यू या कंपन्यांनी असा स्रोत एकत्रितपणे उपलब्ध ठेवण्यासाठी 'ओपनईएलए' ही संघटना स्थापन केली. सेंटओएस ७ च्या अखेरच्या वर्षात स्थलांतराचा विचार करणाऱ्यांपुढे असा काहीसा गढूळ पट होता.

== ३० जून २०२४ ==

या दिवशी कोणताही सर्व्हर बंद पडला नाही. सेंटओएस ७ मध्ये मुदत तपासणारी किंवा परवाना नाकारणारी कोणतीही यंत्रणा नाही. संकेतस्थळे चालू राहिली, डेटाबेस उत्तरे देत राहिले. बदल जाणवला तो प्रथम यम या पॅकेज व्यवस्थापकात. यम नवी पॅकेजे कोठून घ्यावीत हे ठरवण्यासाठी प्रकल्पाच्या मध्यवर्ती सर्व्हरकडे मिरर सर्व्हरांची यादी मागत असे. समाप्तीनंतर ही यादी पुरवणारा पत्ता इंटरनेटच्या नामप्रणालीतूनच काढून टाकण्यात आला. त्यामुळे एखादे साधे साधन बसवण्याचा आदेश दिला तरी 'यजमान सापडला नाही' अशा अर्थाचा संदेश येऊ लागला. तो वाचून अनेकांनी आधी स्वतःच्या नेटवर्कमध्ये बिघाड शोधला.

सर्वांत मोठा गोंधळ कंटेनर वापरणाऱ्यांकडे झाला. सेंटओएस ७ ची मूळ प्रतिमा सार्वजनिक भांडारात उपलब्धच होती, पण तिच्यावर आधारित नवी प्रतिमा बांधताना पहिल्याच पॅकेजपाशी प्रक्रिया अडकू लागली. सॉफ्टवेअरची स्वयंचलित बांधणी व चाचणी करणाऱ्या अनेक साखळ्या १ जुलैपासून तुटल्या. काहींना तर आपल्या एखाद्या जुन्या साखळीच्या तळाशी सेंटओएस ७ आहे हे त्या दिवशीच समजले.

यावरील उपाय झपाट्याने पसरला. यमच्या संरचना फाइलींमध्ये मिरर यादीची ओळ निष्क्रिय करून तिच्या जागी 'व्हॉल्ट' या संग्रह सर्व्हरचा पत्ता लिहिला, की पॅकेजे पुन्हा मिळू लागतात. उपाय बिनचूक आहे, परंतु त्यातून एक फसवी स्थिती निर्माण होते. व्हॉल्टमधील पॅकेजे ३० जूनच्या स्थितीत गोठलेली आहेत. एकदा ती सर्व बसवली, की अद्ययावत करण्याचा आदेश देताच 'अद्ययावत करण्याजोगे काही नाही' असे उत्तर मिळते. देखभाल चालू असताना हेच उत्तर सर्व काही ठीक असल्याची खूण होते. आता त्याचा अर्थ पाठवणारा कोणी उरला नाही एवढाच होतो, पण पडद्यावरचे शब्द तेच असतात. त्या आधीचा त्रुटीसंदेश त्रासदायक असला तरी निदान खरा होता.

सेंटओएससाठी अतिरिक्त पॅकेजे पुरवणारे फेडोरा प्रकल्पाचे 'ईपेल ७' हे भांडारही त्याच सुमारास संग्रहात गेले. स्थलांतराचा पर्याय म्हणून सुचवलेली सेंटओएस स्ट्रीम ८ तर त्याआधीच, ३१ मे २०२४ रोजी, संपली होती.

== ग्लिबसीचा अडसर ==

देखभाल संपण्याच्या कितीतरी आधी सेंटओएस ७ भोवतालचे जग तिच्यापासून दूर जाऊ लागले होते. त्याचे मुख्य कारण ग्लिबसी ही मूलभूत लायब्ररी. लिनक्सवरील जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम हिच्यामार्फत कर्नलशी बोलतो. नव्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम जुनीवर सहसा चालत नाही. उलट मात्र चालतो. सेंटओएस ७ मध्ये ग्लिबसी २.१७ आहे, तर आठव्या पिढीत २.२८. सुरक्षा दुरुस्तीप्रमाणे हा क्रमांक मागे उतरवता येत नाही, आणि चालू प्रणालीत ती लायब्ररी बदलणे म्हणजे इमारतीत माणसे राहत असताना पाया काढण्यासारखे आहे.

एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या नोड.जेएस १८ च्या अधिकृत बायनरीला ग्लिबसी २.२८ आवश्यक होती. त्यामुळे ती सातवर सुरूच होत नसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ कोड या संपादकाच्या १.८६ आवृत्तीने हीच अट घातली. स्वतःच्या लॅपटॉपवरून विद्यापीठाच्या वा कंपनीच्या सेंटओएस ७ सर्व्हरवर काम करणाऱ्या असंख्य विकसकांची जोडणी संपादक आपोआप अद्ययावत झाल्याबरोबर तुटली. सर्व्हर बदलणे त्यांच्या हातात नव्हते. तक्रारींचा पूर आल्यावर कंपनीने काही दिवसांतच बदल तात्पुरता मागे घेऊन सुमारे वर्षभराची सवलत दिली. २०२५ च्या वसंतात ती संपली.

याउलट, सर्वांत जुनी ग्लिबसी असणे हेच काहींसाठी सेंटओएस ७ चे मोल होते. जुन्या लायब्ररीवर बांधलेले सॉफ्टवेअर नव्या प्रणालींवर चालते, म्हणून सर्वत्र चालणारी बायनरी बनवायची तर जुन्या प्रणालीवर बांधावी लागते. पायथनच्या पॅकेजांसाठीचे 'मेनीलिनक्स२०१४' हे मानक सेंटओएस ७ वरच आधारलेले आहे. कधीही सेंटओएस न वापरलेल्या व्यक्तीने आपल्या संगणकावर पायथनचे एखादे गणिती पॅकेज बसवले असेल, तर ते सेंटओएस ७ च्या कंटेनरमध्ये बांधलेले असण्याची शक्यता बरीच आहे. या मानकाची पुढची पिढी अल्मालिनक्स ८ वर उभी आहे.

== स्थलांतराचे मार्ग ==

त्याच संगणकावर सातवरून आठव्या पिढीत जाण्यासाठी रेड हॅटचे 'लीप' हे साधन आहे. त्यावर आधारित 'एलेव्हेट' अल्मालिनक्स प्रकल्पाने उपलब्ध केले. सेंटओएसचे आरएचईएलमध्ये रूपांतर करणारे वेगळे साधनही रेड हॅट पुरवते. प्रत्यक्षात मात्र नवा सर्व्हर उभारून त्यावर एकेक सेवा हलवणे हाच मार्ग अधिक विश्वासार्ह मानला गेला. अडचण संचालन प्रणालीची कमी आणि तिच्यावरील अनुप्रयोगांची जास्त असते. पायथन २ मधील प्रशासकीय स्क्रिप्ट तिसऱ्या पायथनवर चालत नाहीत, पीएचपी ५.४ साठी लिहिलेले संकेतस्थळ पीएचपी ७ वर जागोजागी मोडते. काही जुनी रेड नियंत्रक कार्डे आठव्या पिढीच्या कर्नलने वगळली, आणि नववी पिढी तर सुमारे २००९ पूर्वीच्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही. ज्या पुरवठादाराने मूळ अनुप्रयोग लिहिला तो व्यवसायातून बाहेर पडला असेल, तर प्रश्न तांत्रिक राहत नाही.

ज्यांना लगेच हलणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी सशुल्क मुदतवाढीची बाजारपेठ तयार झाली. रेड हॅटने आरएचईएल ७ साठी चार वर्षांची विस्तारित सेवा देऊ केली, तर सुसे व टक्सकेअर यांसारख्या पुरवठादारांनी खुद्द सेंटओएस ७ साठी दुरुस्त्या विकण्यास सुरुवात केली. म्हणजे २०२४ नंतरही सातव्या पिढीसाठी दुरुस्त्या लिहिल्या जात आहेत. त्या फक्त विनामूल्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचत नाहीत. कार्डाद्वारे देयके स्वीकारणाऱ्या संस्थांना हा मार्ग टाळता येण्याजोगा नव्हता, कारण पीसीआय डीएसएस या सुरक्षा मानकानुसार गंभीर दोषांवरील दुरुस्त्या महिन्याभरात बसवणे बंधनकारक आहे.

== समाप्तीनंतर उघड झालेले दोष ==

समाप्तीच्या दुसऱ्याच दिवशी, १ जुलै २०२४ रोजी, क्वालिस या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएचमधील 'रिग्रेसएसएसएच' हा गंभीर दोष जाहीर केला. दूरवरून, संकेतशब्दाशिवाय सर्व्हरचा पूर्ण ताबा मिळवू देणारा हा दोष होता. सेंटओएस ७ चे वापरकर्ते धास्तावले, पण त्यांच्या प्रणालीला त्याची बाधा नव्हती. २००६ मध्ये दुरुस्त झालेली ही चूक २०२१ मधील ८.५ आवृत्तीत नकळत परत आली होती आणि सेंटओएस ७ मध्ये त्याआधीची ७.४ होती. नवव्या पिढीकडे वेळेवर गेलेल्यांनाच त्या दिवशी धावपळ करावी लागली. या योगायोगाचा दाखला 'जुने तेच सुरक्षित' या समजाच्या पुष्ट्यर्थ पुढे अनेकदा दिला गेला.

बरोबर एका वर्षाने, ३० जून २०२५ रोजी, सुडो या साधनातील दोन दोष एकाच वेळी जाहीर झाले. सामान्य वापरकर्त्याला प्रशासकाचे अधिकार मिळवून देणारा अधिक गंभीर दोष १.९.१४ पासूनच्या आवृत्त्यांत होता. सेंटओएस ७ मधील सुडो १.८.२३ त्यातून सुटली. दुसरा दोष बारा वर्षांहून जुना होता, १.८.८ पासूनच्या आवृत्त्यांत होता, आणि म्हणून सेंटओएस ७ मध्येही आहे. ज्या संस्था एकच नियमफाइल अनेक सर्व्हरांवर वापरतात व तीत सर्व्हरनिहाय परवानग्या लिहितात, त्यांच्याकडेच तो उपयोगात आणता येतो. त्याची दुरुस्ती मुख्य सुडो प्रकल्पाने १.९.१७ च्या पहिल्या पुरवणी आवृत्तीत केली. सेंटओएस ७ साठीच्या संग्रहात ती नाही. तिथे २०१४ मधील पहिल्या उप-आवृत्तीपासूनची पॅकेजे, जशी शेवटची ठेवली गेली तशी, उपलब्ध आहेत.